अमेरिकेतला वाय-फाय राउटर जर्मनीत लावल्यावर पॉवर २० डीबीएमच्या वर का जात नाही?

कंट्री कोड (सेटिंगमध्ये निवडलेला देश) जर्मनी केला की राउटर युरोपची मर्यादा पाळतो, म्हणून. २.४ गिगाहर्ट्झला तिथे ईआयआरपी (अँटेनासकट मोजलेली बाहेर पडणारी पॉवर) जास्तीत जास्त १०० मिलिवॅट, म्हणजे २० डीबीएम; डीबीएम हे पॉवरचं एकक. अमेरिकेत ट्रान्समीटरला १ वॅट आणि ६ डीबीआय गेनची अँटेना (गेन म्हणजे अँटेना पॉवर एका दिशेला किती एकवटते ते) धरून ईआयआरपी ३६ डीबीएमपर्यंत चालते. भारतातही कमाल ४ वॅट, म्हणजे तेवढीच.

ईआयआरपी म्हणजे ट्रान्समीटरची पॉवर अधिक अँटेनाचा गेन, वजा केबलमधली घट. चूक इथेच होते: ९ डीबीआयची अँटेना जोडली, तर जर्मनीत ट्रान्समीटर ११ डीबीएमवर, साधारण १२.५ मिलिवॅटवर, आणावा लागतो. बाहेरून लावलेल्या अँटेनाचा गेन राउटरला आपोआप कळत नाही, तो सेटिंगमध्ये भरा.

कोड अमेरिकेचाच ठेवून पॉवर वाढवू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय फायदाही थोडा, कारण मोबाइलचं उलट येणारं सिग्नल कमजोरच राहतं. शिवाय अमेरिकेच्या कोडवर १२ आणि १३ हे चॅनलही सहसा मिळत नाहीत.

जास्त पॉवर हवी असेल तर ५ गिगाहर्ट्झचे १०० ते १४० क्रमांकाचे चॅनल वापरा. तिथे युरोपात १ वॅटपर्यंत ईआयआरपी चालते, मात्र रडार ओळखून चॅनल सोडणं आणि पॉवर आपोआप कमी करणं राउटरला जमलं पाहिजे.