वाचकांचे प्रश्न : स्केलिग मायकलला जायचे तर

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्याच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर स्केलिग मायकल हे खडकाळ बेट आहे. माथ्याजवळ ख्रिस्ती संन्याशांचा प्राचीन मठ आणि भोवती हजारो समुद्रपक्षी. १९९६ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याबद्दल आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना ही उत्तरे.

जूनअखेर मुलीकडे डब्लिनला जात आहोत. बेट एका दिवसात करून परत येता येईल का? (फोंडा)

नाही. डब्लिनहून किलार्नीपर्यंत रेल्वेने साधारण साडेतीन तास, तिथून पोर्टमॅगी या बंदरगावापर्यंत रस्त्याने आणखी दीड तास. बोटी सकाळी सुटतात, म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम तिथेच हवा. वाहन आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालते, त्यामुळे भाड्याची गाडी घेणे सोयीचे.

आपल्याकडे १ जूनपासून मासेमारीबंदी असते, तेव्हा तिथे हंगाम ऐन भरात असतो. बोटी साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत जातात. परवाना १५ बोटींना आणि एका बोटीत १२ प्रवासी, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त १८० माणसे. वसंतात नोंदणी सुरू झाली की उन्हाळ्याच्या जागा भराभर संपतात. माणशी तिकीट शंभर युरोंच्या वर जाते. जूनसाठी अजून बोट ठरवली नसेल तर आजच बोटवाल्यांना लिहा.

तिकीट हातात आहे म्हणजे बेटावर पाय लागणारच, असे मात्र धरू नका. बोट जाणार की नाही, हे त्याच सकाळी ठरते. ऊन पडलेले असते, वाराही नसतो, तरी फेरी रद्द होते आणि लोक नाराज होतात. कारण अटलांटिकमध्ये दूर कुठे वादळ झाले की त्याची फुगीर लाट दोन दिवसांनीही इथे येऊन आदळते. ब्लाइंड मॅन्स कोव्ह या चिंचोळ्या खाचेत दगडी धक्क्याच्या पायऱ्यांना बोट नुसती टेकवतात. लाटेबरोबर ती वर-खाली होत असते. ती वर येऊन क्षणभर थांबली की खलाशी दंड धरतो आणि तुम्ही पाऊल टाकायचे. त्या क्षणी दोन्ही हात रिकामे हवेत. कॅमेरा, पर्स, काठी सगळे पाठीवरच्या पिशवीत. लाट मोठी असेल तर हे एक पाऊलच जीवघेणे ठरते, म्हणून बोटवाल्याने नाही म्हटले की हुज्जत घालू नये. पोर्टमॅगीत दोन-तीन रात्री राखून ठेवा, आणि रद्द झाल्यास पैसे परत की दुसरी तारीख, हे आधीच विचारा.

माझा पासपोर्ट पोर्तुगीज आहे, पत्नीचा भारतीय. तिचा शेंजेन व्हिसा चालेल का? (मडगाव)

चालणार नाही. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंजेन या सामाइक व्हिसाच्या गटात नाही. तुम्हाला व्हिसा लागत नाही. पत्नीला आयर्लंडचा व्हिसा घ्यावाच लागेल. तुमच्याबरोबर प्रवास करत असल्याचे अर्जात लिहा आणि विवाहाचा दाखला जोडा.

आईचे वय ६५ आहे. ६१८ पायऱ्या तिला झेपतील का? (डिचोली)

वयापेक्षा गुडघे आणि तोल पाहा. मठ समुद्रसपाटीपासून सुमारे १८० मीटरवर, म्हणजे साठेक मजल्यांच्या उंचीवर आहे. इमारतीचे चार मजले न थांबता पंधरा वेळा चढून पाहा आणि मुख्य म्हणजे उतरून पाहा. उतरताना गुडघे थरथरले तर बेटाचा बेत नको. पायऱ्या शेकडो वर्षांपूर्वी रचलेल्या, उंचीला कमी-जास्त आणि बहुतेक ठिकाणी कठड्याविना आहेत. पावसात त्या निसरड्या होतात. २००९ मध्ये दोन वेगवेगळ्या अपघातांत दोन पर्यटक पडून मरण पावले. उंचीची भीती असणाऱ्याला चढताना काही वाटत नाही, पण उतरताना समोर थेट समुद्र दिसतो आणि पाय जागीच खिळतात.

बोटीत उलटी होऊ नये म्हणून आपल्याकडे घेतात त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. अशा गुंगीत या पायऱ्या चढू नयेत. कोणती गोळी चालेल, हे डॉक्टरांना विचारून घरीच एकदा घेऊन पाहा. आलेपाकाची वडी खिशात ठेवायला हरकत नाही. घोट्यापर्यंतचे, तळ पकडणारे बूट हवेत. रेनकोट अंगासरशी हवा, कारण वाऱ्यात फडफडणाऱ्या घोळदार कोटाखाली स्वतःचे पाऊल दिसत नाही. छत्री निरुपयोगी. बेटावर साधारण अडीच तास मिळतात. तिथे पाणी नाही, खाणे नाही, स्वच्छतागृह नाही आणि पावसात आडोसाही नाही.

आईसाठी न उतरता स्केलिग मायकल आणि शेजारचे लिटल स्केलिग या दोन्ही बेटांना वळसा घालणारी बोटफेरी आहे, तीही स्वस्तात. पक्षी पाहायचे असतील तर ती मुळीच दुय्यम नाही.

चतुर्थीच्या आधी, ऑगस्टच्या मध्यावर सुट्टी मिळते. पफिन दिसतील ना? (वाळपई)

पफिनसाठी उशीर होईल. ते मार्चअखेर-एप्रिलमध्ये येतात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्रावर निघून जातात. जून ते जुलैचा मध्य सर्वांत चांगला, कारण तेव्हा पिलांना भरवणे चालू असते. चोचीत आडव्या धरलेल्या पाच-सहा चांदीसारख्या मासळ्या घेऊन पक्षी पायवाटेपासून दोन हातांवर उतरतो. तुम्ही त्याच्या आणि बिळाच्या मध्ये उभे राहिलात तर तो आत न जाता घुटमळतो, आणि तेवढ्यात कुरव पक्षी मासळी हिसकावून नेतो. अशा वेळी फोटोसाठी वाकू नका, चार पावले सरका. वाटेबाहेरच्या गवतावर पाय ठेवणे तर त्याहून वाईट. खाली बिळांनी जमीन पोखरलेली असते. जोडी वर्षाला एकच अंडे घालते. बीळ ढासळले की त्यांचे ते वर्ष गेले.

ऑगस्टमध्येही गॅनेट असतात. शेजारच्या लिटल स्केलिगवर त्यांची ३५,००० च्या आसपास जोडपी घरटी करतात. दुरून खडकावर बर्फ पडल्यासारखा दिसतो. जवळ गेल्यावर कळते की तो पक्ष्यांचा आणि विष्ठेचा पांढरा रंग आहे. पंखांचा विस्तार जवळजवळ पावणेदोन मीटर, आणि तीस मीटरवरून पंख मागे मिटून सरळ पाण्यात सूर! तिथे उतरायला बंदी आहे, बोटीतूनच पाहायचे.

आणखी एक पक्षी दिवसा दिसत नाही, पण असतो: चिमणीएवढा स्टॉर्म पेट्रल. तो मठाच्या भिंतींच्या फटींत घरटे करतो आणि रात्रीच ये-जा करतो. भिंतीजवळ शांत उभे राहिले तर आतून घुरघुर ऐकू येते, कुबट तेलकट वासही येतो. म्हणून भिंतीवर बसू नये, फटीत हात घालू नये.

तिथल्या मठातील दगडी झोपड्या चुन्याशिवाय कशा टिकल्या? (पेडणे)

मठ सहाव्या ते आठव्या शतकांदरम्यान वसला. नवव्या शतकात व्हायकिंगांचे हल्ले झाले, तरी संन्यासी राहिले. बाराव्या-तेराव्या शतकात ते मुख्य भूमीवरील बॅलिनस्केलिग्जला गेले. आपली हरवळेची लेणी जांभ्यात कोरलेली आहेत, इथे सगळे रचलेले आहे. चपट्या दगडांचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत नेला की शेवटी माथ्यावर छिद्र उरते, ते एका दगडाने झाकायचे. बाहेरून उपड्या टोपलीसारखी दिसणारी खोली आतून जमिनीलगत चौकोनी असते. दगड बाहेरच्या बाजूला किंचित कलते ठेवल्यामुळे पाऊस आत न येता निथळतो, आणि थरांचा भार एकमेकांना दाबून धरतो. म्हणूनच सैल दिसणारा एखादा दगड उचलून पाहण्याचा मोह आवरा. तोच वरच्यांना पेलत असतो.