फुप्फुसाच्या कॅन्सरवर औषध देऊन लेझर मारतात म्हणे. वडिलांसाठी करावं का? भाजतं का?

गाठ श्वासनलिकेत, दुर्बिणीची नळी पोचेल तिथे आणि लहान असेल, तर जरूर विचार करा. लसिकागाठींमध्ये, हाडांत पसरलं असेल तर या उपचाराने (फोटोडायनॅमिक थेरपी) कॅन्सर जाणार नाही. उजेड आत शिरून शिरून पाच-दहा मिलिमीटर शिरतो. फार तर बंद झालेली श्वासाची वाट मोकळी होते. बाकी डॉक्टरांना विचारा, मी पथ्याबद्दल लिहितोय.

माझ्या बाबांचं अमेरिकेत, बफेलोत झालं. संशोधक थॉमस डॉहर्टींनी हे औषध उभं केलं तेच शहर, म्हणून मला उगाच अभिमान. शिरेतून फोटोफ्रिन, वजनाच्या किलोमागे २ मिलिग्रॅम. मग दोन दिवस नुसतं बसायचं. तिसऱ्या दिवशी नळीतून बारीक फायबर घालून ६३० नॅनोमीटरचा लाल उजेड, आठ-साडेआठ मिनिटं. भाजत नाही. उजेड पडला की औषध जागं होतं आणि ऑक्सिजनला हाताशी धरून पेशी मारतं. खरा त्रास त्यानंतर दोन दिवसांनी, मेलेला भाग काढायला परत नळी घालतात तेव्हा. बाबा खोकून खोकून बेजार.

आणि महिनाभर ऊन बंद. सांगलीहून दादाचा फोन, "ठार अंधारात ठेव." तो मोठा, त्यातून बी.एस्सी. मी खिडक्यांना घोंगड्या लावल्या. अकरा दिवस बाबा कवळी चाचपडत शोधायचे. तपासणीला गेलो तर नर्स माझ्यावरच उखडली. घरातला साधा उजेड हवाच, त्यानेच कातडीतलं औषध हळूहळू संपतं!

परतताना बाहेर बर्फावर लख्ख ऊन. सुपारीची डबी उघडायला बाबांनी उजवा हातमोजा काढला आणि हात तसाच गाडीच्या काचेशी ठेवला. संध्याकाळपर्यंत तळहाताची मागची बाजू वड्यासारखी फुगली, वर फोड. दादा म्हणतो, अंधार मोडलास म्हणून झालं. अरे, अंधारात ठेवलं म्हणून अकराव्या दिवशीही औषध जास्त शिल्लक राहिलं असणार! तुमच्याकडेही असा एक दादा असेलच, त्याचा फोन नर्सला जोडून द्या.

आता खरं सांगायचं तर हातमोजा काढलेला मी पाहिला होता. "असू दे, क्रीम लावलंय," म्हणालो. सनस्क्रीनचा इथे काडीचा उपयोग नाही, ते अतिनील किरण अडवतं आणि हे औषध दिसणाऱ्या उजेडाने पेटतं. जाड कापड, हातमोजे, टोपी, गडद गॉगल, एवढंच चालतं. जपानमध्ये तालापोर्फिन नावाचं दुसरं औषध वापरतात, त्याचं पथ्य कमी दिवसांचं. त्यामुळे तुमचं औषध कोणतं ते आधी विचारा.

महिन्यानंतरही एकदम उन्हात नेऊ नका. कागदी पिशवीला दोन इंची भोक पाडून हात आत घालायचा, दहा मिनिटं उन्हात धरायचा, चोवीस तास बघायचं. लाल झालं, सुजलं तर आणखी दोन आठवडे थांबा. बाबांच्या डाव्या हाताला काही झालं नाही. मी लगेच फोटो दादाला पाठवला.

त्याचं उत्तर आलं, "उजवा दाखव."