दक्षिण ओसेशिया : पूर्वापार वैर की रशियाची काडी?

तुम्ही विचारलंय, की दक्षिण ओसेशियाचं भांडण हे ओसेटियन आणि जॉर्जियन या दोन जमातींचं पूर्वापार वैर आहे की रशियाने लावलेली काडी. दोन्ही उत्तरं सोयीची आहेत, म्हणून चालतात. माझ्या मते मूळ शोधायचं तर १९८९-९० या दोन वर्षांत शोधावं.

ओसेटियन भाषा इराणी कुळातली, जॉर्जियनशी तिचं नातं नाही. कॉकेशस पर्वताच्या उत्तरेला ओसेटियन लोकांचा एक प्रदेश रशियात, दक्षिणेला दुसरा, म्हणजे दक्षिण ओसेशिया, जॉर्जियात. १९१८-२० मध्ये दक्षिणेतल्या शेतकऱ्यांनी तिबिलिसीच्या, म्हणजे जॉर्जियाच्या राजधानीतल्या, मेन्शेविक (मवाळ समाजवादी) सरकारविरुद्ध उठाव केले, ते निर्दयपणे चिरडले गेले. १९२२ मध्ये बोल्शेविकांनी (कम्युनिस्टांनी) जॉर्जियाच्या पोटातच त्यांना स्वायत्त प्रांत दिला. राजधानी त्सखिनवाली. गंमत म्हणजे तेव्हा त्या गावात ओसेटियन थोडेच, ज्यू आणि जॉर्जियन जास्त!

पण १९८९ च्या जनगणनेत जॉर्जियातल्या सुमारे १,६४,००० ओसेटियनांपैकी या प्रांतात राहत होते जेमतेम ६५,०००. बाकीचे सगळे जॉर्जियन शेजाऱ्यांमध्ये, सोयरिकी जुळवून. पूर्वापार वैर असतं तर हे कसं जमलं असतं?

मग सोव्हिएत घर मोडायला लागलं. १९८९ मध्ये तिबिलिसीने जॉर्जियन भाषेची सक्ती वाढवली, त्सखिनवालीने प्रांताला स्वायत्त प्रजासत्ताकाचा दर्जा मागितला. १९९० च्या डिसेंबरात ओसेटियनांनी स्वतःची निवडणूक उरकली आणि लगोलग जॉर्जियाचा तेव्हाचा नेता गामसाखुर्दिया याच्या सरकारने स्वायत्तताच रद्द केली. ही घोडचूक. जानेवारी १९९१ मध्ये लढाई पेटली. त्सखिनवालीच्या दफनभूमीचा रस्ता बंद झाल्यावर लोकांनी आपली माणसं पाच नंबरच्या शाळेच्या आवारात पुरली. ती थडगी आजही तिथेच आहेत. अशा शहराला नंतर 'तुम्हाला भरपूर स्वायत्तता देतो' म्हणून काय उपयोग?

जून १९९२ च्या युद्धबंदीच्या सोची करारानंतर रशियन, जॉर्जियन आणि ओसेटियन असे तिघांचे शांतिसैनिक आले. प्रदेश मात्र बुद्धिबळाच्या पटासारखा राहिला, एक गाव तिबिलिसीचं तर पुढचं त्सखिनवालीचं. या काळातली मला सर्वांत बोलकी वाटणारी जागा म्हणजे एर्गनेतीचा बाजार. त्सखिनवालीच्या वेशीवर, रस्त्याच्या कडेला. डोंगराखालून रशियाला जोडणाऱ्या रोकी बोगद्यातून आलेलं रशियन पीठ, पेट्रोल, सिगारेटी, सगळं जकात बुडवून. विकणारे-घेणारे दोन्हीकडचे, कालपरवा एकमेकांवर बंदुका रोखलेले. २००४ मध्ये जॉर्जियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष साकाश्विली यांनी तस्करीचा अड्डा म्हणून तो बंद पाडला. कायद्याने बरोबरच होतं, पण रोजच्या भेटीगाठीची तेवढी एकच जागा उरली होती.

रशियाचं काय, तर २००२ पासून त्याने तिथे पासपोर्टांची खिरापत वाटली आणि पुढे 'आमच्या नागरिकांचं रक्षण' ही सबब तयार ठेवली. ७ ऑगस्ट २००८ च्या रात्री जॉर्जियाने त्सखिनवालीवर तोफा डागल्या आणि रशियन रणगाडे त्याच रोकी बोगद्यातून खाली उतरले. युरोपीय संघाने नेमलेल्या चौकशीने २००९ मध्ये दोघांचेही कान धरले. उघड युद्धाची सुरुवात जॉर्जियाच्या माऱ्याने झाली, पण रशियाचं प्रत्युत्तर स्वसंरक्षणाच्या मर्यादेबाहेर फार पुढे गेलं.

त्यानंतर पटावरची जॉर्जियन गावं जाळली गेली, तिथली माणसं आजतागायत परतलेली नाहीत. सीमेवर हिरवे फलक आणि काटेरी तार आली, कुणाची बाग तारेपलीकडे गेली. चुकून पलीकडे गेलेल्या गुराख्याला धरलं, तर त्याच्या सुटकेची बोलणी करायला दोन्हीकडचे अधिकारी एर्गनेतीतच भेटतात.