हेलिकॉप्टर येईल तेव्हा तुझं काम काय

अंजनेरी-हरिहरकडच्या वणव्यांवर आमच्याबरोबर यायचंय म्हणालास, मनापासून बरं वाटलं. हेलिकॉप्टरबद्दल विचारलंस, तर सुरुवातीला एवढंच पक्कं कर.

नव्या मुलांना वाटतं, पाणी पडलं की वणवा संपला. हवाई दलाचं एमआय-१७ खाली लटकवलेल्या मोठ्या बादलीतून (बांबी बकेट) एका फेरीत सुमारे ३,५०० लिटर पाणी टाकतं, त्याने आग दबते. गवताच्या बुडाशी धुमसणारा विस्तव मात्र माणसांनाच झोडपून विझवावा लागतो. म्हणून आधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायला शीक. आणि पाणी पडणार त्या पट्ट्यात थांबू नकोस, तो मारा माणसाला आडवा करतो.

अडकलेल्या किंवा जखमी माणसाला हेलिकॉप्टरने न्यायचं असेल, त्या वेळी:
- शेपटीकडून कधीही जायचं नाही. वैमानिकाला दिसशील असा, त्याने खूण केल्यावरच, वाकून जा.
- उतारावर वरच्या अंगाने जाऊ नकोस, तिथे पंख्याची पाती डोक्याच्या उंचीवर येतात.
- टोप्या, चादरी, प्लास्टिक आधीच आवर.
- वरून सोडलेला हुक जमिनीला टेकल्याशिवाय हात लावू नकोस. त्यात स्थिर वीज साठलेली असते.

विंचचं, म्हणजे दोराने माणसाला वर ओढून घ्यायच्या यंत्राचं, पुढे बघू. पावसाळ्यात ब्रह्मगिरीवर ढग उतरले की हेलिकॉप्टरची आशा धरता येत नाही, त्यामुळे स्ट्रेचर उचलायचा सराव आत्तापासून कर. रविवारी सकाळी अंजनेरीच्या पायथ्याशी ये, बूट चांगले घाल.