आईचे पैसे कुठे ठेवू?

प्रश्न: आई 79 वर्षांची आहे, हल्ली विसरायला लागलीय, त्यामुळे घरी दिवसरात्र बाई ठेवलीय. पेन्शन पुरत नाही, बाकीचं सेव्हिंगमधून जातं. सगळी रक्कम साध्या बचत खात्यात पडून आहे. भाऊ म्हणतो शेअर्समध्ये टाक, नाहीतर महागाई खाऊन टाकेल, मला भीती वाटते. आणि आईला हे विचारायचं तरी का? ती गोंधळते.

उत्तर: ताई, तुमची भीती बरोबर आहे आणि भाऊ पण पूर्ण चुकीचा नाहीये. पण व्याजदर नंतर बघा, आधी दर महिन्याला किती कमी पडतं ते काढा. समजा खर्च 10, पेन्शन 4, म्हणजे 6 कमी. बचत 720 असेल तर 120 महिने, 10 वर्षं, असं वाटतं. पण खर्च वर्षाला 6 टक्क्यांनी वाढला तर 12 वर्षांत तो दुप्पट होतो, 20 होतो, आणि पेन्शन 4 वरच राहिली तर कमी पडणारी रक्कम 12 नाही, 16 होते! म्हणून टॅक्स जाऊन 6 टक्के व्याज मिळालं तरी ती बचत साधारण 9 वर्षंच पुरते. हा हिशोब भावासोबत बसूनच करा, निम्मा वाद तिथेच मिटेल.

शेअर्सबद्दल सांगते. 40 टक्के पडले तर परत जागेवर यायला जवळपास 67 टक्के वाढावे लागतात, आणि तुम्ही तर मधल्या काळात बाईच्या पगारासाठी त्यातूनच विकत राहणार, म्हणजे ते भरून येणं अजून अवघड. जे पैसे 8-10 वर्षं लागणारच नाहीत त्यातला थोडा भाग ठीक आहे, तोही तोटा झाला तर भाऊ भरून देणार असेल तरच. बॉन्ड फंड (म्हणजे कर्जरोख्यांत पैसे गुंतवणारा फंड) सुरक्षितच असतो असंही धरू नका, 2022 मध्ये जगभर व्याजदर वाढले तेव्हा लांब मुदतीचे बॉन्ड चांगलेच पडले होते.

मी असं करेन: वर्षभर जेवढं कमी पडतं तेवढं बचत खात्यात, बाकीच्या 5 एफडी, 1 ते 5 वर्षांच्या, दरवर्षी एक सुटेल अशा. एकच मोठी एफडी करू नका, थोड्या पैशासाठी अख्खी मोडावी लागली तर दंड सगळ्यावर बसतो. ठेव विम्याची मर्यादा (बँक बुडाली तर जास्तीत जास्त किती पैसे परत मिळतात ती) बघून रक्कम वेगवेगळ्या बँकांत ठेवा (भारतात एका बँकेत एका ठेवीदाराला व्याज धरून 5 लाख रुपये, युरोपीय संघात 1 लाख युरो). आणि या वयात लॉक-इनवाली, म्हणजे ठरावीक वर्षं पैसे काढता न येणारी, विमा पॉलिसी कोणी कितीही गोड बोलून दिली तरी नको.

आता सगळ्यात घाईचं काम, सह्या. माझ्या वडिलांची एफडी एकट्याच्या नावावर होती, हात थरथरायचा, सही जुळत नाही म्हणून बँकेने फॉर्म 3 वेळा परत पाठवला. ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपलीच सही गिरवत बसायचे, ते बघवत नव्हतं. पैसे होते, पण त्यांच्या औषधाला कामी येत नव्हते. म्हणून आई सही करू शकतेय तोवर खात्याला दुसरं नाव जोडा, 'दोघांपैकी कोणीही' असा व्यवहार करता येईल असं लिहून घ्या. नुसतं नॉमिनी असून भागत नाही, तो हक्क मृत्यूनंतरचा असतो. साधं मुखत्यारपत्र पण बऱ्याच देशांत माणसाची समज गेली की चालत नाही, वकिलाला नेमकं हेच विचारा. भावाला दर महिन्याचं स्टेटमेंट पाठवत जा, न मागता.

आणि हो, आईला विचाराच, पैसे तिचे आहेत. ती ज्या वेळी जास्त ताजी असते तेव्हा बसा, टीव्ही बंद करून, आणि एका वेळी एकच प्रश्न विचारा.