फॉलोअर बारा हजार, पण कॅलेंडरं किती छापायची?

प्रश्न : ताई, मी सोलापूरला साखर पेठेत राहते. दीड वर्ष झालं इन्स्टाग्रामवर माझी कॉमिक स्ट्रिप चालूय, पॉवरलूमवाल्या घरातली आज्जी आणि तिची नात, दर सोमवारी आणि गुरुवारी. फॉलोअर बारा हजार झालेत पण हातात पैसे म्हणाल तर काहीच नाहीत. यंदा दिवाळीला आज्जीचं टेबल कॅलेंडर, कॉफीचे मग, ग्रीटिंग, टीशर्ट सगळंच काढावं म्हणते. भाऊ म्हणतोय एक हजार कॅलेंडरं छाप, जास्त छापली की स्वस्त पडतात. शिवाय एका चादरीच्या दुकानदारानं जाहिरातीची स्ट्रिप मागितलीये. काय करू?

उत्तर : हजार छापू नकोस गं. भावाचं गणित बरोबर आहे, ऑफसेट छपाईला प्लेटचा खर्च एकदाच होतो त्यामुळं प्रती वाढल्या की एकेकीचा भाव उतरतो, पण विकल्या गेल्या तर ना, आणि कॅलेंडर म्हणजे जानेवारी उलटला की कुणी फुकट पण नेत नाही. मी पहिल्या वर्षी चारशे छापली होती, दोनशे तीस गेली, बाकीचे गठ्ठे दोन वर्षं पलंगाखाली होते. पण पैशापेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. त्या पॅकिंगच्या धावपळीत माझी स्ट्रिप तीन आठवडे बंद पडली, ते पण ऐन दिवाळीत, जेव्हा लोक सुट्टीला घरी असतात, फराळ खात मोबाईल बघत बसतात, आणि परत सुरू केली तर रोज कमेंट टाकणारी माणसं दिसेचनात. लोकांना सोमवार-गुरुवारी आज्जीला बघायची सवय लागलीय, कॅलेंडर विकलं जाणार ते त्या सवयीवरच.

म्हणून आधी स्ट्रिप. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळं दिवाळी लांबलीय, दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, हे वाढीव दिवस वापरून घे. दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत तुझ्या सहा स्ट्रिपा येतात, त्या सहाच्या सहा नवरात्र बसायच्या आत काढून शेड्यूल करून टाक, मग पार्सलं बांधताना डोकं शांत राहतं.

वस्तू एकच काढ, कॅलेंडर. कॉफीचे मग कुरिअरमधे फुटतात, टीशर्टला साईजची कटकट, ग्रीटिंग लोक व्हॉट्सॲपवर फुकटच पाठवतात. कॅलेंडरची ऑर्डर आधी पैसे घेऊनच घे, यूपीआयवर, पार्सल आल्यावर देतो म्हणणाऱ्यांना प्रेमानं नाही म्हण. ११ ऑक्टोबरला घटस्थापना, त्या रात्री ऑर्डर बंद म्हणजे बंद, आणि पैसे जेवढ्यांचे आलेत त्यावर दहा-पंधरा जास्त, एवढीच छाप. आकडा दोनशेच्या आत राहिला तर डिजिटल प्रिंटच परवडेल. पण प्रेसवाल्याशी आत्ताच बोलून ठेव, दिवाळीच्या तोंडावर त्यांच्याकडं अंक, पत्रकं, खोकी सगळं एकदम येतं. किमतीचं गणित पण आधी मांड. समज छपाई ११०, खोका आणि बबल रॅप २०, कुरिअर ६०, झाले १९०. हे तू २०० ला विकलंस तर बारा चित्रांचे तुला दहा रुपये! २५० ठेव आणि कुरिअर वेगळं लाव.

आता फाईल, इथं बरेच जण फसतात. इन्स्टाची स्ट्रिप १०८० पिक्सेल रुंद असते, छपाईला ३०० डीपीआय लागतो, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, त्यामुळं ते चित्र कागदावर जेमतेम नऊ सेंटीमीटर नीट येणार. आठ इंची पानाला २४०० पिक्सेल पाहिजेत, तेव्हा पोस्ट केलेलं चित्र ओढून मोठं करू नकोस, मूळ फाईलवरनं परत कर. अक्षरं कर्व्ह करून दे, म्हणजे फॉन्टची अक्षरं आकारात बदलून, नाहीतर प्रेसच्या कॉम्प्युटरवर तुझा फॉन्ट नसला की आज्जीतलाच ज्ज फुटतो. आणि एक पान आधी छापून बघच, स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि केशरी कागदावर मळकट येतो.

दुकानदाराचं काम घे, चांगलंय. अर्धे पैसे आधी, एकच स्ट्रिप, आणि वर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिही, जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मधे तसे नियमच काढलेत. फक्त आज्जीच्या तोंडी भाव आणि फोन नंबर घालू नकोस, लोकांचा जीव आहे तिच्यावर. ती नुसती चादरीची घडी घालताना दिसली तरी पुरे, खाली दुकानाचं नाव लिहिता येतं. त्या पठ्ठ्याला आधीच सांग, लक्ष्मीपूजनाच्या दिवसाची पोस्ट तुझी स्वतःची, विकायची नाही.

त्या दिवशीचं चित्र सगळ्यात जास्त फॉरवर्ड होणार आणि कोपऱ्यातली तुझी सही कुणीतरी कापणारच. आपल्याकडं कित्येक चादरींत कारखान्याचं नाव विणूनच येतं बघ, तसं तुझं नाव चित्राच्या आत घाल, आकाशकंदिलावर, आज्जीच्या अंगावरच्या चादरीच्या काठात, कापायला गेलं तर आज्जीच कापावी लागेल असं.

आणि दिवाळीनंतर पसरू नको, आपल्या सोलापूरला अजून एक सीझन असतो. जानेवारीत भोगीच्या दिवशी सिद्धेश्वराच्या यात्रेतला अक्षता सोहळा, गड्ड्याला म्हणजे त्या यात्रेला आख्खा जिल्हा लोटतो, बाहेरगावी गेलेली पोरं घरच्या आठवणीनं फोन बघत असतात. आज्जी नातीचा हात धरून यात्रेतल्या नंदीध्वजांच्या उंच काठ्या बघायला गर्दीत उभीये, ही स्ट्रिप डिसेंबरातच काढून ठेव आणि त्या दिवशी सकाळी टाक, उरलेली दहा-पंधरा कॅलेंडरं त्याच दिवशी निम्म्या भावात दे.