कानटोचणी, गोंदण आणि लायसन: तुमचे प्रश्न

महाशिवरात्र जवळ आली की सालबर्डी, मार्कंडा इकडच्या यात्रांत टोचणाऱ्यांची अन् गोंदवणाऱ्यांची दुकानं लागतात आणि माझ्याकडे प्रश्नांची रांग लागते. यावेळचे काही निवडक.

पांढरकवड्याहून एक तरुण: सर, बसस्टँडजवळ गाळा घेतला, मोबाईल रिपेरिंगसोबत टॅटू-पिअर्सिंग चालू करून राहिलो. कोणी म्हणते गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, पुरतो, कोणी म्हणते आरोग्य खात्याचं लायसन लागते. नक्की काय लागते?

दादा, टोचण्या-गोंदवण्याचा असा वेगळा कायदा आपल्याकडे नाहीच. मोजकीच माणसं कामाला असतील तर २०१७ च्या दुकान कायद्याप्रमाणे नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, पावती मिळते, झालं. पण ती पावती फ्रेम करून 'सरकारमान्य' म्हणून लावू नका बाप्पा, कारण ती देताना तुमची सुई कोणीच पाहिलेली नसते. तिकडे ब्रिटनच्या वेल्समध्ये नोव्हेंबर २०२४ पासून टोचणाऱ्या माणसाला लायसन आणि जागेला वेगळी मंजुरी, दोन्ही लागतं. आपल्याकडे तसं नाही म्हणजे रान मोकळं असंही नाही, निष्काळजीपणाने जीवघेणा रोग पसरेल असं वागलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २७१ लागू शकतं, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

आता खरं काम. गाळ्याचं डिपॉझिट भरलं की पहिला खर्च ऑटोक्लेव्हचा, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा, करा, लाईट अन् बोर्ड नंतर. १२१ डिग्री, १५ पौंड प्रेशर, कमीत कमी १५ मिनिटं, तेव्हा कुठे चिमटे-बिमटे निर्जंतुक होतात. पाण्यात उकळून सगळे जंतू मरत नाहीत, काहींचे बीजाणू टिकतात, आणि अँटिसेप्टिकच्या वाटीत बुडवलेली सुई म्हणजे नुसती वास येणारी घाण सुई. सुई दरवेळी नवीन, पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडायचं, वापरली की जाड डब्यात, तो डबा कुठे द्यायचा ते प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच बोलून ठेवा, घंटागाडीत टाकला तर सफाईवाल्याच्या हातात घुसेल. टोचायची प्लॅस्टिकची बंदूक घेऊच नका, ती ऑटोक्लेव्हमध्ये वितळते आणि रक्ताचे बारीक थेंब तिच्यात बसतात. टॅटूची शाई प्रत्येकासाठी छोट्या टोपीत वेगळी काढायची, उरली तर फेकायची, बाटलीत परत ओतायची नाही. सोल्डरिंगचं टेबल अन् हे टेबल यांच्यामध्ये पार्टिशन टाका. आणि स्वतःला हिपॅटायटिस बीची लस घ्या, तीन डोस, आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. बहुतेक दुकानदार हेच विसरतात, गिऱ्हाइकाचं रक्त तर रोज त्यांच्याच हाताला लागते.

दारव्ह्याजवळून एक ताई: सासूबाई म्हणतात बाराव्या दिवशीच सोनाराकडून पोरीचे कान टोचून घेऊ. मन होत नाही. काय करू?

ताई, सासूबाईंशी भांडू नका, फक्त तारीख पुढे ढकला. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस जन्मल्यावर २४ तासांत असतो, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट ही पाच आजारांवरची लस, त्यात धनुर्वात अन् हिपॅटायटिस बी दोन्ही येतात. पेंटाव्हॅलंटचा तिसरा डोस झाला की टोचा. सोनाराला माझा विरोध नाही, उलट नवी सोन्याची तार टोचून तिथंच वळवून देणारा सोनार त्या मॉलमधल्या बंदुकीपेक्षा बरा, पण तार नुसती उकळून चालत नाही, निर्जंतुक केलेली हवी, त्याने साबणाने हात धुवून हातमोजे घालावे आणि एकच दाभण दहा लेकरांना चालवायचं नाही. नंतर भोकात फड्याची म्हणजे झाडूची काडी, हळद-तेल, राख, हे काहीच नको. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून पुसायचं, बस.

यवतमाळची कॉलेजची विद्यार्थिनी: कानाच्या वरच्या बाजूला बंदुकीने टोचलं, चार दिवसांपासून लाल, गरम, ठणकून राहिलं. आई हळद लावते.

बेटा, हे वाचून झाल्यावर लगेच दवाखान्यात जा, उद्या नको. कानाच्या पाळीला रक्त भरपूर मिळतं, वरच्या कूर्चेला, म्हणजे कडक भागाला, फार कमी, म्हणून तिथं जंतू शिरले की पू साचून कूर्चा गळते अन् कान कायमचा वाकडा होऊ शकतो. मेडिकलमधून मनाने गोळी घेऊ नको, इथे सहसा स्यूडोमोनास नावाचा जंतू निघतो, त्याला नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिक गोळ्या लागू पडत नाहीत. पाळीचं भोक सहा-आठ आठवड्यात भरतं, कूर्चेला सहा महिने ते वर्षही लागतं, हे टोचणाऱ्याने सांगायला पाहिजे होतं.

परतवाड्याहून: बहिरमच्या यात्रेत हातावर नाव गोंदलं, आता रक्तदान शिबिरात परत पाठवलं. काऊन?

कारण नियम आहे जी, टॅटू किंवा टोचणीनंतर १२ महिने रक्त घेत नाहीत. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो आणि शरीरात शिरला की तपासणीत दिसायला काही आठवडे जातात. शिबिरवाल्यांवर रागावू नका. तीन महिन्यांनी सरकारी दवाखान्यात हिपॅटायटिस बी, सी अन् एचआयव्ही तपासून घ्या, पैसे लागत नाहीत.

गडचिरोलीहून: मुलगी सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पेशंट आहे, लग्नासाठी नाक टोचायचं.

आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. साध्या जंतुसंसर्गानेही क्रायसिस, म्हणजे अंगात अचानक फार दुखणं, येऊ शकतो. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तर अजिबात नको.

वणीचे एक काका: भाचीच्या कानाच्या पाळीला टोचल्यावर मोठी गाठ झाली. पार्लरवर केस होते का?

काका, गाठ केलॉइड, म्हणजे जखमेच्या व्रणाची वाढलेली गाठ, असेल तर ती बऱ्याचदा त्या माणसाच्या कातडीचा गुण असते, सुई चांगली असली तरी होते, म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि कुठेही कापून घेऊ नका, नुसती कापली तर बऱ्याचदा पुन्हा येते, कधी आणखी मोठी. पण पू झाला होता, जुनी सुई वापरली होती, असं असेल तर पावती, फोटो, डॉक्टरची चिठ्ठी सांभाळा. ग्राहक हेल्पलाईन १९१५, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत.

चामोर्शी तालुक्यातल्या सरपंचताई: कायदाच नाही तर आम्ही यात्रेत काय करणार?

ताई, तुमच्या हातात तर मोठी गोष्ट आहे! दुकानाला जागा तुम्हीच देता ना, मग जागेच्या पावतीवरच अटी लिहा. बंद पाकिटातली सुई, हातमोजे, शाई प्रत्येकाला वेगळी, सुयांचा डबा रोज संध्याकाळी आरोग्य केंद्राच्या स्टॉलवर जमा, लहान लेकरू आईबापाशिवाय आलं तर टोचायचं नाही. गोंदवणाऱ्या बायांना मात्र हाकलू नका, पिढ्यान्‌पिढ्या करून राहिल्या त्या, अन् हाकललं तर झाडाखाली बसून त्याच सुईने गोंदवतील. वैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावून त्यांचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग घ्या, सुयांची पाकिटं पंचायतीने दिली तर फार खर्च नाही. ठराव यात्रेच्या महिनाभर आधी घ्या, एकदा जागांच्या पावत्या फाटल्या की मग अटी कोणी ऐकत नाही.